पान ९ वरच्या हिरव्या शाईसाठी

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव कुठेही लिहायचं नाही, ही तुमची अट मी पाळतेय. शोधनिबंधाच्या शेवटी आभारात ते घातलं होतं, तेही तुम्ही काढायला लावलंत. "मी काय केलं? जुने कागद स्कॅन केले," म्हणालात. बरं, तसं समजू. पण मग निदान ते कागद माझ्यापर्यंत कधी आणि कसे आले, हे चारचौघांत सांगू द्या.

इतरही वाचतील म्हणून थोडक्यात. दोन ग्लुऑन (प्रोटॉनच्या आत क्वार्क नावाच्या कणांना बांधून ठेवणारे कण) एकमेकांवर आदळून एक जड कण तयार होतो, आणि त्या प्रक्रियेची पहिली दुरुस्ती काढायची, एवढंच माझं काम होतं. दुरुस्ती म्हटलं की किरकोळ वाटतं, पण ग्लुऑनच्या टकरीत ती किरकोळ नसते. हिग्ज नावाच्या जड कणाच्या बाबतीत ती जवळपास मूळ उत्तराइतकीच मोठी निघाली होती. टकरीत एखादा जादा ग्लुऑन बाहेर पडतो. तो अगदी मंद असेल किंवा मूळ ग्लुऑनला समांतर जात असेल, तर गणितात अनंत येतो. लूपच्या आकृत्यांतूनही (ज्यांत कण मधेच निर्माण होऊन पुन्हा विरतात) अनंत येतो, पण उलट चिन्हाचा. दोन्ही आवरता यावेत म्हणून चार मितींऐवजी चार वजा दोन एप्सिलॉन मितींत हिशेब करायचा; एप्सिलॉन म्हणजे शून्याजवळची लहानशी संख्या. अनंताच्या जागी एप्सिलॉनने भागलेली पदं येतात, त्यांना आम्ही पोल म्हणतो. बेरीज केली की ते कटले पाहिजेत, आणि जे उरतात ते प्रोटॉनच्या खात्यात, म्हणजे पार्टॉन वितरणात (प्रोटॉनचा संवेग आतल्या कणांत कसा वाटलाय त्याच्या हिशेबात), जमा करायचे.

माझा एप्सिलॉन-वर्गाचा पोल कटत होता. साध्या एप्सिलॉनचा राहत होता. प्रोटॉनच्या खात्यात टाकायचं ते सगळं टाकूनही राहत होता. पाच महिने.

ग्लुऑन नुसता असा कुणी पाहिलेला नाही. १९७९ साली हॅम्बुर्गच्या पेट्रा यंत्रात टकरीतून दोनाऐवजी तीन जेट, म्हणजे कणांचे झोत, निघताना दिसले, तेव्हा तो आहे हे मान्य झालं. न दिसणाऱ्या गोष्टीचा हिशेब करताना चुकलं, तर ठेच लागायलाही समोर काही नसतं. असते फक्त ती एक न कटणारी राशी, रोज सकाळी वही उघडली की तिथेच बसलेली.

त्या पाच महिन्यांत मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांची नावं घेत नाही. एकांनी वहीकडे न बघताच "चिन्हं तपास" म्हटलं. चिन्हं मी अकरा वेळा तपासली होती. दुसऱ्यांनी "हे तर ट्रिव्हियल आहे" असं सांगितलं, आणि ट्रिव्हियल असूनही ते त्यांनी फळ्यावर काही करून दाखवलं नाही. लूपचा भाग मी ज्या जुन्या निबंधातून घेतला होता, त्याच्या लेखकांना तीन ईमेल केले. एकालाही उत्तर नाही. निबंधात मात्र ऐटीत लिहिलंय की हे "सरळ हिशेबाने" मिळतं. माझ्या गटातल्या एकाने तर चहा पिता पिता विचारलं, की तुझा विषय नक्की हाच ना? हसत विचारलं, म्हणून जास्त लागलं.

तुम्हाला लिहिलं ते आशेने नाही, कंटाळून. इंग्रजीत चार ओळी, सोबत तीन पानं. तुमची माझी ओळख नाही, तुम्ही निवृत्त, मी कोण कुठली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तेही मराठीत: "बघते. घाई करू नकोस."

चार दिवसांनी १४ पानं आली. पिवळी पडलेली, फिकट निळ्या शाईतली, कोपऱ्यात गंजलेल्या टाचणीचा डाग. पान ९ वर अर्धं पान आडव्या रेघेने खोडलेलं, आणि समासात ताज्या हिरव्या शाईत: "इथे मी अडीच महिने घालवले. तू घालवू नकोस."

चूक साधी होती. चार मितींत ग्लुऑनची ध्रुवीकरणं, म्हणजे कंपनाच्या स्वतंत्र दिशा, दोन. पण चार वजा दोन एप्सिलॉन मितींत ती दोन वजा दोन एप्सिलॉन होतात, आणि सुरुवातीच्या ग्लुऑनवर सरासरी काढताना भागायचं ते त्यानेच. मी केलेल्या भागात ते तसं होतं. जुन्या निबंधातल्या भागात नुसतं दोनने भागलं होतं आणि तसा उल्लेख कुठेच नव्हता. एप्सिलॉनचा तो लहानसा फरक एप्सिलॉन-वर्गाच्या पोलला गुणला गेला, की नेमका एक एप्सिलॉनचा पोल मागे राहतो. दोन्हीकडे एकच भागाकार लावला आणि सगळं कटलं. वीस मिनिटं लागली असतील. त्यानंतर मी बराच वेळ नुसती बसून होते.

हे तुम्ही एका ओळीत कळवू शकला असतात. "ध्रुवीकरणांची संख्या तपास," संपलं. मी आभार मानले असते आणि मनात म्हटलं असतं, एवढंही कळू नये आपल्याला! तुम्ही मात्र माळ्यावरची फाईल उतरवली (असं मी समजते) आणि स्वतःचं खोडलेलं पान पाठवलंत. खोडलेलं पान कुणी पाठवतं का हो? आमच्याकडे तर लोक ते स्वतःलाही दाखवत नाहीत.

१९७३ मध्ये ग्रॉस आणि विल्चेक यांचा एक आणि पॉलिट्झरचा एक, असे दोन निबंध एकाच अंकात लागोपाठ छापून आले. क्वार्क जितके जवळ येतील तितका त्यांच्यातला जोर कमी होतो, हे त्यातून कळलं आणि २००४ साली त्याला नोबेल मिळालं. सगळी मदार एका उणे चिन्हावर. दोन्ही निबंध जेमतेम तीन-चार पानांचे, आणि अर्थातच त्यात खोडलेली ओळ एकही नाही. आम्ही शिकतो ते अशा स्वच्छ पानांवरून. म्हणून आपल्या वहीत खाडाखोड झाली की वाटतं, हे फक्त आपलंच होतंय. हुशार माणसं पुष्कळ भेटली मला या विषयात. आपलं अडलेलं दाखवून दुसऱ्याला मोकळं करणारी माणसं फार थोडी, आणि त्यांना त्यात काही विशेष केलं असं वाटतही नाही.

पान ९ मी छापून टेबलासमोर लावलंय. गटातल्या त्या मुलाने विचारलं, हे काय? म्हटलं, अक्षर छान आहे ना.

एक काम आहे, जमलं तर. पान १२ स्कॅन करताना तिरकं लागलंय आणि उजवा समास कापला गेलाय. तिथेही हिरव्या शाईत काहीतरी आहे. "आणि इथे तर" एवढंच दिसतंय. इथे काय झालं होतं, मॅडम?

तुमची,
पाच महिन्यांची अडलेली एक विद्यार्थिनी