फुकट मुक्काम एवढेच नव्हे

'अनोळखी घरी फुकट मुक्काम' हा गेल्या रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. परदेशात कुणाच्या घरी उतरणे म्हणजे हॉटेलचा खर्च वाचवण्याची युक्ती, हा त्याचा सूर जर्मन शिकणारी विद्यार्थिनी म्हणून मला पटला नाही.

'सर्व्हास' ही चळवळ १९४९ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झाली, ती महायुद्धानंतर देशोदेशींच्या माणसांनी एकमेकांच्या घरी राहावे, बोलावे म्हणून. एस्पेरांतो या देशोदेशींच्या लोकांसाठी मुद्दाम रचलेल्या भाषेच्या भाषकांची 'पास्पोर्ता सेर्वो' ही यजमानांची यादी १९७४ पासूनची. तिथे मुख्य अट पाहुण्याला ती भाषा यावी ही. पैशांची बचत दोन्हीकडे गौण आहे.

हॉटेलात अडखळत जर्मन बोलले, की समोरून इंग्रजीत उत्तर येते. जर्मनीत ज्या घरी मी राहिले, तिथल्या आजींनी दह्याचा रिकामा डबा हातात धरून कोणता कचरा कुठे टाकायचा ते समजावले आणि माझे क्रियापद चुकले की तिथल्या तिथे सुधारले. मी त्यांना कांदेपोहे करून घातले, त्यांच्या नातवाला मराठी अंक शिकवले. नुसते झोपायला येणारे पाहुणे वाढले, तर असे यजमान दार का उघडतील?

मुलींनी आधीच्या पाहुण्यांचे अभिप्राय वाचूनच घर निवडावे, हा लेखातील सल्ला मात्र अगदी योग्य. पुढच्या अंकात यजमानांची बाजूही छापावी, ही विनंती.

– जर्मनची एक विद्यार्थिनी, पुणे