भट्टी सांभाळणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

माझ्या काचकामाची प्रेरणा कोणती, हा प्रश्न मला प्रदर्शनांत नेहमी विचारला जातो. आपला उल्लेख केल्याशिवाय त्याचे पूर्ण उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

आकार कसा घडवावा हे मी इतरांकडून शिकले. काच कशी ओळखावी हे मात्र आपण शिकवले. शुद्ध वाळू वितळवायला सुमारे १,७०० अंश सेल्सिअस तापमान लागते, सोडा घातल्याने ते बरेच खाली येते आणि चुन्यामुळे ती काच पाण्यापुढे टिकते, एवढे मी वाचले होते. परंतु मिश्रण भट्टीत पडल्यापासून बुडबुडे निघून जाऊन रस नितळ होईपर्यंत किती धीर धरावा लागतो, हे आपल्या शेजारी उभे राहिल्यावरच कळले. बर्फाप्रमाणे काचेला वितळण्याचा एकच ठरावीक बिंदू नसतो; तापमान उतरेल तशी ती हळूहळू घट्ट होत जाते आणि या मधल्या अवस्थेतच तिला फुंकता, ओढता, वळवता येते. फुंकनळी फिरवायची थांबली की गोळा स्वतःच्या वजनाने ओघळू लागतो. ते ओघळणे रोखण्याआधी एकदा नीट पाहावे, असे आपण सुचवलेत, आणि एका अंगाला झुकलेल्या माझ्या पात्रांची मालिका त्या सूचनेतूनच जन्माला आली.

सोन्याचा अत्यल्प अंश असलेली काच आपण मला प्रथम दाखवलीत, तेव्हा ती जवळजवळ रंगहीन होती. पुन्हा तापवल्यावर सोन्याचे अतिसूक्ष्म कण तयार होऊन तिच्यात माणकासारखा लाल रंग उमटला. तेव्हापासून कोणतीही वस्तू रेखाटण्यापूर्वी मी हाती असलेली काच काय करू शकते, हे आधी तपासते.

सर्वांत मोठे ऋण मात्र काच निववण्याच्या कामाचे आहे, कारण ते कोणाला दिसत नाही. बाहेरचा थर लवकर थंड झाला आणि आतला मागे राहिला, तर काचेत ताण अडकून बसतो आणि वस्तू काही दिवसांनीही तडकू शकते. म्हणून साध्या सोडा-चुन्याच्या काचेला ५०० अंशांच्या आसपास काही काळ ठेवून मग सावकाश खाली आणावे लागते आणि जाडी वाढली की हा वेळ कितीतरी पटींनी वाढतो. अमेरिकेतील पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीच्या पाच मीटरहून रुंद आरशाची काच १९३४ मध्ये ओतल्यावर सुमारे १० महिने निवत ठेवावी लागली होती. माझी जाड ओतीव कामे भट्टीत असताना रात्री-अपरात्री उठून तापमान पाहणारे आपणच होतात. तो भरवसा नसता, तर इतक्या जाडीचा विचार करण्याचे धैर्य मला झाले नसते. आणि जाडी बदलताच एकाच रंगाची काच कुठे काळोखी तर कुठे उजळ होते, हाच तर आता माझ्या कामाचा गाभा आहे.

१९६२ मध्ये अमेरिकेतील टोलेडो येथे कलावंत हार्वे लिटलटन यांनी भरवलेल्या कार्यशाळेत काच सुरुवातीला नीट वितळेना, तेव्हा काचतंत्रज्ञ डॉमिनिक लाबिनो यांनी भट्टीची रचना बदलायला सुचवले आणि वितळवण्यासाठी काचेच्या गोट्याही पुरवल्या. कारखान्याबाहेर, स्वतःच्या छोट्या स्टुडिओत कलावंताने काच घडवण्याच्या चळवळीची सुरुवात त्या कार्यशाळेपासून मानली जाते. भट्टी जाणणाऱ्या माणसाचे नाव तिथे कलावंताच्या बरोबरीने घेतले जाते आणि मला ते फार योग्य वाटते.

येत्या प्रदर्शनात प्रत्येक ओतीव कामाच्या नामफलकावर माझ्या नावाशेजारी आपलेही नाव लिहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी आपली संमती मिळावी, ही नम्र विनंती.

आपली ऋणी,
एक काचकलावंत