आपल्या भाषणातल्या बहिणीचे पत्र

मा. मंत्रिमहोदय,

स. न. काल माझ्या पोटगीच्या अर्जाची सतरावी तारीख होती. रिक्षाला ऐंशी रुपये घालून गेले. समोरचे वकील आलेच नाहीत. पुढची तारीख.

निवडणुकीआधी चौक मंडईत आपण म्हणाला होतात, ‘तलाकपीडित बहिणींचे अर्ज सहा महिन्यांत निकाली काढू.’ टाळ्या मीही वाजवल्या. त्याला अडीच वर्षं झाली.

नवऱ्याने एका दमात तीनदा तलाक म्हटलं असतं तर बरं झालं असतं! 2019च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण त्याला कुणा शहाण्याने शिकवलं : महिन्याला एक, अशी तीन रजिस्टर पत्रं. पोलीस म्हणाले, ‘ताई, हा तलाक-ए-हसन, त्या कायद्यात बसत नाही. तुमचा कायदा वेगळा.’ माझा कायदा? 1937चा शरियत कायदा इंग्रजांच्या राज्यातला, पानभर. त्यात पोटगी हा शब्द आहे. किती आणि कधी, ते नाही.

इद्दतीचे, म्हणजे तलाकनंतर बाईने थांबायच्या मुदतीचे, तीन महिने पैसे पाठवून त्याने हात झटकले. सुप्रीम कोर्टाने 2001 साली दानियल लतीफी खटल्यात सांगितलंय, इद्दतीच्या आत द्यायचं ते पुढच्या आयुष्याची सोय होईल इतकं. 2024च्या जुलैत पुन्हा सांगितलं, फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं कलम 125 (नव्या संहितेत 144) मुसलमान बाईलाही आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, हेही कायद्यात छापलेलं आहे. त्या ‘शक्यतो’वर आपलं अख्खं खातं चालतं.

इकडे मी रात्री बारापर्यंत फॉल-पिको करते. पोरगा आठवीत, फी थकली म्हणून त्याला वर्गाबाहेर उभं केलं, हे मला शेजारणीकडून कळलं. त्याने सांगितलंच नाही.

तलाकनंतर पोटगीसाठी कोर्टात गेलेल्या शाहबानोला हायकोर्टाने महिना 179 रुपये 20 पैसे दिले होते. सुप्रीम कोर्टाने 1985 ला ते कायम केले, तेवढ्यावर देश पेटला, 1986 ला तलाकशुदा मुसलमान बायकांच्या पोटगीचा वेगळा कायदा आला. आता समान नागरी कायदा हवा म्हणून मोर्चा, नको म्हणून मोर्चा. दोन्ही आमच्याच गल्लीवरून जातात. शरियत धोक्यात म्हणणाऱ्यांनो, निकाहात नवऱ्याने कबूल केलेली माझी एकवीस हजारांची मेहर बुडाली, ती कुठली होती? समाजसुधारक हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 ला तोंडी तलाकविरोधात सात बायकांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला होता. आमच्या एका मोहल्ल्यात माझ्यासारख्या दहा-बारा तरी असतील. मोजल्या नाहीत मी. आपण मोजल्यात?

पुढची तारीख महिन्याभराने आहे. त्या दिवशी साहेब रजेवर असतील, हे कारकुनाने आत्ताच सांगून ठेवलंय.

आपली,
भाषणातली बहीण
जुने नाशिक