सरळ रेषेच्या समीकरणाला चार फॉर्म्युले कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परीक्षा जवळ आली की पेपरात विद्यार्थ्यांच्या पानावर गणिताच्या सूत्रांची चौकट छापून येते आणि मुलं ती कापून वहीत चिकटवतात. सरळ रेषेचं समीकरण म्हटलं की त्या चौकटीत चार ओळी ठरलेल्या, एक चढ (उजवीकडे एक घर गेलं की रेषा किती वर जाते) आणि अंतःखंडाची (रेषा अक्षाला जिथे छेदते ती किंमत), एक चढ आणि बिंदूची, एक दोन बिंदूंची, एक दोन अंतःखंडांची. मी बीजगणित शिकवते, आणि मला कळकळीने सांगायचंय की या चार ओळी पाठ करायला लावून आपण मुलांचं नुकसान करतोय. कारण मुलगा गणित वाचून आधी विचार काय करतो तर यातला कुठला फॉर्म्युला लावू, रेषा कशी आहे हे त्याच्या डोक्यात येतच नाही.

खरं तर लक्षात ठेवायची गोष्ट एकच आहे. रेषेवरचे कुठलेही दोन बिंदू घ्या, चढ तोच येतो. का येतो ते समरूप त्रिकोण काढून दाखवता येतं, पण सुरुवातीला ग्राफ पेपरवर चौकोन मोजले तरी पटतं. बाकी सगळं यातूनच निघतं.

उदाहरण घ्या, (२, ३) आणि (५, ९) हे दोन बिंदू. उजवीकडे ३ गेलो तर वर ६ गेलो, म्हणजे चढ २. आता रेषेवरचा कुठलाही तिसरा बिंदू (एक्स, वाय) धरा, (२, ३) पासून त्याच्यापर्यंतचा चढसुद्धा २ च यायला हवा, म्हणून (वाय − ३) ÷ (एक्स − २) = २, म्हणजे वाय − ३ = २एक्स − ४, म्हणजे वाय = २एक्स − १. झालं समीकरण! (२, ३) ऐवजी (५, ९) पासून सुरुवात केली तरी हेच उत्तर येतं, आणि हे मुलांना स्वतः करून बघू द्यावं, त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

उलट पाठ केलेल्या फॉर्म्युल्याने काय होतं बघा. वाय = एमएक्स + सी (एम म्हणजे चढ) एवढं आठवतं, चढ २ काढलेला असतो, मग समोरच्या (२, ३) मधला ३ उचलून सी च्या जागी टाकला जातो आणि उत्तर वाय = २एक्स + ३. ही चूक दरवर्षी ढीगभर वह्यांत दिसते. सी म्हणजे एक्स शून्य असताना वाय ची किंमत, रेषा वाय-अक्षाला जिथे छेदते ती जागा, हे कुणी नीट सांगितलेलंच नसतं. टाकीत आधीच १० लिटर पाणी आहे आणि मिनिटाला ३ लिटर भरतंय, तर एक्स मिनिटांनी वाय = ३एक्स + १०, यात ३ हा वेग आणि १० ही सुरुवात, एवढं एकदा डोक्यात बसलं की मूल कुठलाही आकडा उचलून सी म्हणून टाकत नाही.

दुसरी गोष्ट पडताळ्याची, आणि याबद्दल मी जास्तच आग्रही आहे. (−१, ४) आणि (३, −४) मधून जाणारी रेषा काढा म्हटलं की छेदात ३ − (−१) च्या जागी ३ − १ होतं, चढ −२ ऐवजी −४ येतो आणि समीकरण होतं वाय = −४एक्स. यात (−१, ४) टाकला तर बरोबर बसतो! म्हणून मूल खूश. पण (३, −४) टाकून बघा, उजवीकडे −१२ येतात, म्हणजे गडबड. बरोबर उत्तर वाय = −२एक्स + २, त्यात दोन्ही बिंदू बसतात. म्हणजे चेक दुसऱ्या बिंदूने करायचा, ज्या बिंदूवरून समीकरण मांडलं तो तर बहुतेक वेळा बसणारच. अर्ध्या मिनिटाचं काम आहे पण कुणी करत नाही, कारण समीकरण म्हणजे रेषेवरच्या प्रत्येक बिंदूने पाळलेली अट आहे हे मनात रुजलेलंच नसतं. सतराव्या शतकात देकार्त आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी आकृती आणि समीकरण एकमेकांना जोडले, देकार्तचं भूमितीवरचं लेखन १६३७ साली छापलं गेलं, आणि त्या सगळ्या कामाचा जीव हीच कल्पना आहे. शाळेत नेमकी तीच गाळून फक्त चौकट पुढे सरकवली जाते.

उभ्या रेषेचं तर विचारूच नका. (४, १) आणि (४, ७) दिले की छेदात शून्य येतो आणि मुलं बिनधास्त चढ शून्य लिहून मोकळी होतात. चढ शून्य आडव्या रेषेचा असतो, या उभ्या रेषेला चढ काढताच येत नाही, आणि तिचं समीकरण साधं एक्स = ४. दोन्ही बिंदूंत काय सारखं आहे एवढं बघितलं तरी उत्तर समोर दिसतं, पण सवय फॉर्म्युल्यात आकडे भरायची लागलेली.

तेव्हा एक विनंती. यंदा त्या चौकटीत चार सूत्रांऐवजी एकच गणित सगळ्या स्टेप्ससकट छापा, शेवटी दुसऱ्या बिंदूचा पडताळाही दाखवा, आणि शेजारी ग्राफवर ती रेषा काढा. जागा जवळपास तेवढीच लागेल. पेपर तपासणाऱ्यांनाही सांगणं आहे की पडताळ्याच्या ओळीला अर्धा मार्क ठेवा, मार्क असला की मुलं करतातच.

आपली,
गणिताची एक शिक्षिका