आजारपणाचा खाडा

किल्ले धारूर,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण त्यातला एक प्रश्न मनातून जात नव्हता. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता उपचारांचा पाच लाखांपर्यंत खर्च उचलते आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात केसपेपरचेही पैसे पडत नाहीत, मग तुमच्याकडचे ऊसतोड मजूर आजारपणापायी कर्जात का बुडतात, असे तू विचारले होतेस. आधी तुझा थोडा रागच आला. मग लक्षात आले की ज्यांच्या भिंतीला माझी भिंत लागून आहे, त्यांच्याबद्दल मी तरी कधी हा प्रश्न विचारला होता?

गेल्या वर्षी माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले, हे तुला ठाऊकच आहे. वैद्यकीय दाखला जोडून मी वीस दिवसांची परिवर्तित रजा घेतली, पगार पूर्ण मिळाला आणि दवाखान्याच्या खर्चाचे देयक मंजूर व्हायला आठ महिने व हेलपाटे लागले असले, तरी पैसे अखेर खात्यावर जमा झाले. मी शिक्षक झालो, माझे दोन्ही चुलतभाऊ कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेले, एवढाच काय तो फरक. शेत सारखेच होते, तेही तिघांत वाटले गेलेले.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे तुमच्या साखर कारखान्याच्या भागात वेगळे सांगायला नको. दिवाळीच्या आसपास निघायचे आणि गुढीपाडव्यानंतर परतायचे, त्यासाठी मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते आणि ती टनाच्या हिशेबाने फेडायची असते. जोडीतले एक जण पडले की कोयताच बंद. त्या दिवसाचा ऊस तर तुटत नाहीच, शिवाय खाडा म्हणून पाचशे रुपये उचलीत वाढतात. म्हणजे माझ्या आजारपणाचे मला पैसे मिळतात आणि कोयत्यावरच्या बाईच्या आजारपणाचे तिलाच भरावे लागतात. औषध फुकट असले तरी आरोग्य केंद्रात जाण्याचा दिवस फुकट नसतो. तक्रार तरी कोणाकडे करणार? तिचा व्यवहार मुकादमाशी, मुकादमाचा वाहतूकदाराशी आणि वाहतूकदाराचा कारखान्याशी. कारखान्याच्या हजेरीपटावर तिचे नाव कुठेच नाही.

आमच्या थोरल्या भावजयीचे असेच झाले. अंगावरून पांढरे जाई, ओटीपोटात दुखे. फडात पहाटे चारपासून वाकायचे, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे, राहायच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, ना न्हाणी ना संडास आणि पाळीच्या दिवसांत धुतलेले फडके वाळत घालायला आडोसाही नाही. चार हंगाम तिने फाट्यावरच्या मेडिकलमधल्या गोळ्यांवर काढले. आठवडाभराच्या औषधाने बरी होणारी गोष्ट पाचव्या वर्षी सोनोग्राफीपर्यंत गेली आणि तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितले, की पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती.

तिला मोटारसायकलवर बसवून मीच नेले होते, अविनाश. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू, हे माझ्या तोंडून निघाले नाही. उलट बाहेर चहा पिताना ती जे म्हणाली, ते मला शहाणपणाचे वाटले होते: "भाऊजी, एकदाची पिशवी गेली म्हणजे दर म्हैन्याचा खाडा तरी वाचंल." ऑपरेशनचे पस्तीस हजार मुकादमाने दिले आणि ते अर्थातच पुढच्या हंगामाच्या उचलीत धरले. कमरेला पट्टा बांधून ती दीड महिन्यात पुन्हा फडात उभी राहिली, आणि आज तिला जमिनीवरून उठताना दाराची चौकट धरावी लागते.

ती एकटी नाही. २०१९ मध्ये हा विषय गाजला, तेव्हा आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली होती. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. त्यानंतर खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे भाग पडले. हे चांगलेच झाले. पण या बंदोबस्ताने शस्त्रक्रिया अडते, पोट दुखायचे थांबत नाही.

योजनेबद्दल मला वाईट बोलायचे नाही. आमच्याच गल्लीतल्या एकाच्या हृदयाची शस्त्रक्रिया तिच्यातून झाली, एरवी त्याचे घर विकले गेले असते. परंतु योजनेचा पैसा मुख्यतः माणूस दवाखान्यात दाखल झाल्यावर, ठरलेल्या उपचारांसाठी मिळतो. त्याआधीची तपासणी, गोळ्या, जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब तिच्यात बसत नाही. आमच्या लोकांची उचल वाढते ती नेमकी या आधीच्या खर्चापायी, आणि दुखणे वाढते ते हा खर्च टाळण्यापायी.

आता हे सगळे तुला इतके सविस्तर लिहिण्याचे कारण. धाकट्या भावजयीलाही तोच त्रास सुरू झाला आहे. ती अठ्ठावीस वर्षांची आहे आणि थोरलीचे पाहून तिनेही मनात ठरवून टाकले आहे. मागच्या सोमवारी तिला ग्रामीण रुग्णालयात नेले, पण स्त्रीरोगतज्ज्ञांचा वार वेगळा निघाला. दुसऱ्या दिवशी तिची शेतातली मजुरी होती, ती आली नाही. पितृपंधरवडा संपायच्या आत मी तिला एकदा जिल्हा रुग्णालयात घेऊन जाणारच आहे, त्यासाठी किरकोळ रजा टाकली आहे.

पण औषधे लांबली, तर पुढचे सहा महिने ती तुमच्याकडे असेल. त्यांची टोळी यंदा तुझ्या गावाशेजारच्या कारखान्यावर आहे आणि कोप्या ओढ्याकाठच्या माळावर पडतील. तुझ्या दुकानात गोळी मागायला ती किंवा तिचा नवरा आला, तर नुसती दुखण्याची गोळी देऊन पाठवू नकोस. तुमच्याकडच्या ज्या डॉक्टरीणबाईंबद्दल तू लिहिले होतेस, त्यांना विचारून ठेव, की रात्री आठनंतर गाडी भरून झाल्यावर त्या तिला तपासतील का. दिवसा ती येणार नाही. फीचे पैसे मी तुझ्या खात्यावर आधीच पाठवतो. तिला मात्र फी माफ आहे असेच सांग, नाहीतर ती पायरीच चढणार नाही.

वहिनींना नमस्कार. उत्तर लवकर पाठव, टोळीची गाडी दिवाळीनंतर लगेच निघणार आहे.

तुझा,
बाळू