संहिता आगाऊ कुठून आणायची, मंत्रिमहोदय?

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : ऊसतोड कामगार, भटके-विमुक्त, सफाई कामगार यांच्या लोकसहभागी नाटकाला नियमांत आणि अनुदानात जागा मिळणेबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

आपलं राज्य नाटकवेडं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. तिला संगीत, संस्कृत, बालनाट्य, दिव्यांग मुलांची नाटकं अशा फांद्याही फुटल्या. पण बीड जिल्ह्यात आम्ही जे नाटक करतो, त्याला आपल्या अर्जातला एकही रकाना लागू पडत नाही. लेखकाचं नाव? नाही. संहितेची प्रत? नाही. कलाकारांचा अनुभव? ऊस तोडण्याचा भरपूर आहे.

हे नाटक चालतं कसं ते आधी सांगतो. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात ही रीत बांधली, जगभर ती फोरम थिएटर म्हणून ओळखली जाते. दहा-पंधरा मिनिटांचा प्रसंग असतो. ज्यांच्यावर तो गुदरला त्यांनीच बसवलेला, आणि शेवट वाईट. मग तोच प्रसंग पहिल्यापासून पुन्हा सुरू होतो. या खेपेला बघणाऱ्यांपैकी कुणीही ‘थांबा’ म्हणायचं, उठायचं आणि नाडल्या जाणाऱ्या माणसाची जागा घेऊन वेगळं काही करून बघायचं. नाडणाऱ्याची जागा मात्र घ्यायची नाही. मजुरांची टोळी नेणारा मुकादम एकाएकी देवमाणूस झाला असं दाखवायला काय जातं? मधे एक सूत्रधार असतो, बोआल त्याला जोकर म्हणत. त्यानं उपदेश करायचा नाही. ‘हे आपल्याकडं जमेल का?’ एवढंच विचारत राहायचं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या तळावरचा खेळ सांगतो. रात्रीची गाडी भरून झाली होती, कोप्यांपुढं चुली पेटल्या होत्या. प्रसंग साधाच होता. बाईला ताप आहे, ती म्हणते आज फडात येत नाही. मुकादम खाडा लावतो, म्हणजे गैरहजेरीचे पैसे कापतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकजण बसलं की जोडी मोडली, म्हणून दंड. नवरा म्हणतो, मग उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटायची कशी? बाई उठते, मोळी डोक्यावर घेते. संपलं.

दुसऱ्या पाळीत एक तरणी पोरगी उठली आणि मुकादमाच्या अंगावर ओरडत गेली. मुकादमाचं काम करणारा गडी कित्येक हंगाम तोडीला गेलेला, त्याला वाक्यं पाठ करावी लागलीच नव्हती. तो शांतपणे म्हणाला, “बरं. अंगावरची उचल टाक आन् जा की.” पोरगी गप्प झाली. मग एक म्हातारी पुढं आली. ती तापाचं काही बोललीच नाही. “वही काढ,” म्हणाली. “उचल किती, टनं किती भरली, खाडं किती लावलं, मोठ्यानं वाच.” गडी अडकला, कारण आमच्या प्रसंगात वहीच नव्हती. तो उगाच खिसे चाचपायला लागला तशा बायका हसल्या. मग हसता हसता एकमेकींना विचारू लागल्या : तुझ्या कोयत्यावर उचल किती गं? बहुतेकींना माहीत नव्हतं. व्यवहार नवऱ्याच्या नावावर, वही मुकादमाच्या पेटीत. आमचं पुढचं नाटक त्या वहीवर बसलं, आणि ते त्या बायकांनीच बसवलं.

आता सांगा, ही म्हातारी मी संहितेत कुठं दाखवायची? राज्यात नाटक करायचं तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खालच्या नियमांनी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं संहिता पाठवायची आणि प्रमाणपत्र घ्यायचं. उघड्यावर करायचं म्हटलं तर ठाण्यात साहेब पहिला प्रश्न तोच करतात, लिहिलेलं काय आहे ते दाखवा. आम्ही पानभर रूपरेषा दाखवतो. ते विचारतात, आणि बाकीचं? बाकीचं लोक बोलतील, असं म्हटलं की परवानगी अवघड होते. नाटकं मुठीत ठेवण्यासाठी इंग्रजांनी १८७६ साली केलेला नाट्यप्रयोग कायदा केंद्र सरकारनं कधीच मोडीत काढला. आपल्याकडच्या या पूर्वपरीक्षणाला अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. तो सगळ्याच रंगकर्मींचा प्रश्न आहे. आमची अडचण त्याहून साधी आहे : आमच्याकडं दाखवायला पानंच नाहीत, आणि असती तर हे नाटक हे नाटक राहिलं नसतं.

यावर आपल्या खात्यातून एक ठरलेलं उत्तर मिळतं, की शासन पथनाट्यांना पैसे देतंच. देतं, खरं आहे. माहिती खात्याकडं लोककला आणि पथनाट्य पथकांची निवडसूची असते, पथक बाजारच्या दिवशी चौकात येतं, हलगी वाजते, योजनेचं नाव चार वेळा घेतलं जातं, गाडी पुढच्या गावाला. त्या कलाकारांना मी नावं ठेवत नाही, त्यांची चूल त्यावर पेटते आणि मानधन वेळेवर मिळत नाही हे त्यांचं रडगाणं खरंच आहे. पण ती जाहिरात आहे. तिच्या अहवालात ‘लोकसहभाग’ या शीर्षकाखाली उपस्थितांची संख्या लिहितात. बसून ऐकणारा माणूस सहभागी कसा झाला, हे कुणी तरी समजावून सांगावं.

बोआल परदेशी, हा आक्षेपही ऐकलाय. तमाशाचा साचा घेऊन सत्यशोधकांनी जलसे उभे केले. त्याच वाटेनं भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं. यातल्या कुणालाही रंगमंचावर जायला नाट्यगृहाची तारीख लागली नाही. अलीकडचंच बघा. २०१२ मध्ये पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांनी अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली गो. पु. देशपांड्यांचं ‘सत्यशोधक’ केलं. सकाळी शहर झाडणाऱ्या हातांनी संध्याकाळी जोतीराव-सावित्रीबाई उभे केले. त्याला संहिता होती, आणि ते उत्तमच होतं. आमची मागणी त्याच्या पुढच्या पायरीची आहे.

गुजरातेत अहमदाबादच्या छारानगरात १९९८ पासून बुधन थिएटर चालतं. पश्चिम बंगालमधल्या पुरुलियाचा बुधन शबर त्या वर्षी पोलीस कोठडीत मेला. त्याच्या मृत्यूवर छारा तरुणांनी नाटक उभं केलं आणि त्याचंच नाव मंडळीला दिलं. त्यामागं लेखिका महाश्वेतादेवींबरोबर आपल्या भोरचे भाषा-अभ्यासक गणेश देवी होते. छारा काय आणि आपल्याकडचे पारधी काय, इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलेली माणसं. १९५२ मध्ये तो कायदा गेला, ठाण्यातली नजर गेली नाही. आमच्या भागातल्या एका पारध्यांच्या पालावर मुलांबरोबर धाडीचा प्रसंग करायला घेतला, तेव्हा पोलीस व्हायला झुंबड उडाली. काठी कुठं आपटायची, भांडं कसं लाथाडायचं, शिवी कोणत्या शब्दावर तोडायची, आठ वर्षांच्या पोराला सगळं येत होतं. वकील व्हायला कुणी तयार नव्हतं. वकील कसा बोलतो ते त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. पुढच्या वेळी आम्ही एका वकीलबाईंना घेऊन गेलो, नाटकात काम करायला नाही, मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला.

या नाटकाकडून मी फाजील अपेक्षा ठेवत नाही. ऊसतोडीचा दर संपानं आणि लवादानं वाढतो, नाटकानं नाही. आणि यात धोका आहे. खेळ उरकून आम्ही निघून येतो, बाई मात्र त्याच मुकादमाच्या टोळीत राहते. म्हणून बंगालच्या सुंदरबनात १९८५ पासून काम करणारी ‘जन संस्कृती’ ही नाट्यमंडळी एकाच गावात परत परत जाते, शेतमजूरच तिचे नट असतात. एका खेळाचं अनुदान देऊन हे होत नाही. आणि अनुदान दिलंत तर कृपा करून जिओ टॅग केलेले फोटो मागू नका. तो फोटो कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवरून मुकादमापर्यंत पोचतो.

पैसा फार लागत नाही. डफ-हलगी आमच्याकडं आहे, सतरंजी आहे, चहाचं आम्ही बघू. तालमीच्या दिवशी बुडणारी मजुरी भरून निघाली पाहिजे, जाण्यायेण्याचं भाडं मिळालं पाहिजे, आणि निदान एक हंगामभर एका तळाशी टिकता आलं पाहिजे. परिनिरीक्षणात अशा नाटकांसाठी रूपरेषेवर, जमल्यास नुसत्या पूर्वसूचनेवर भागवावं. हा खर्च प्रसिद्धीच्या शीर्षकाखाली टाकू नये. तिथं टाकला की पुढच्याच महिन्यात योजनेचं घोषवाक्य म्हणायचा निरोप येतो.

आणखी एक मागणी आहे, ती आपल्या एकट्याच्या अखत्यारीतली नाही. बोआल १९९३ ते १९९६ रिओ दी जानेरोचे नगरसेवक होते. वस्त्यावस्त्यांत असे खेळ करून त्यातून आलेल्या सूचना त्यांनी सभागृहात नेल्या, आणि १३ कायदे झाले. महापालिकेच्या रुग्णालयांत वृद्धांवर उपचारांची वेगळी सोय हवी, हा त्यातलाच एक. तसं काही इथं लगेच होईल असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण खेळाला सहायक कामगार आयुक्त कार्यालयातला एक माणूस आणि तालुका आरोग्य अधिकारी खाली सतरंजीवर बसायला काय हरकत आहे? बीडच्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये गदारोळ झाला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. खाडा पडू नये या धाकानं बायका शस्त्रक्रिया करून घेतात, हा विषय तेव्हाच पुढं आला होता. वहीची मागणी खेळात झाली तेव्हा ती लिहून घेणारा सरकारी माणूस तिथं नव्हता.

टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. निर्णय दसऱ्याआधी झाला तर याच हंगामात काम सुरू करता येईल, नाही तर सरळ पुढचं वर्ष उजाडेल. आपण स्वतः खेळाला यायचं ठरवलंत तर रात्री नऊनंतर या, गाड्या भरून व्हायला तेवढा वेळ लागतो. दीपप्रज्वलन आणि सत्कार ठेवलेला नाही. ‘थांबा’ म्हणायचा हक्क आपल्यालाही आहे, फक्त मुकादमाची जागा घेता येणार नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
बीड जिल्ह्यातील एक नाट्यकार्यकर्ता