रेस सोडत नाही, पण कर्जही काढत नाही

ती. बाबा व सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोन ठेवताना आई "बघ बाबा, तुझं तू" म्हणाली, तेव्हापासून कामात लक्ष नाही. बोलायला गेलं की आपले सगळ्यांचेच आवाज चढतात, म्हणून लिहितोय. चेन्नईच्या बाइक रेसला मी नाव दिलंय. पैसेही भरलेत.

लगेच रागावू नका. रस्त्यावर मी कधी गाडी पळवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ही रेस बंद ट्रॅकवर असते. सरळ 402 मीटर, एका वेळी दोनच गाड्या, ॲम्ब्युलन्स उभी. हेल्मेट आणि लेदर सूट नसेल तर लाइनवर घेतच नाहीत. पुणे-कोल्हापूर हायवेला मला याहून जास्त भीती वाटते.

बाबा, तुम्ही म्हणालात, हरायला एवढ्या लांब कशाला जायचं? गेल्या वेळी माझा वेळ समोरच्यापेक्षा कमी होता, तरी हरलो. घड्याळ हिरव्या दिव्याबरोबर सुरू होत नाही, आपलं चाक जागचं हललं की होतं. तो पोरगा दिव्यावर माझ्याआधी सुटला आणि शेवटपर्यंत पुढेच राहिला. पण फेरीनंतर मिळते त्या वेळेच्या चिठ्ठीवर माझा आजवरचा सगळ्यात चांगला वेळ छापून आला होता! नंतर आम्ही दोघांनी आईचा चिवडा एकाच डब्यातून खाल्ला. त्याआधीची फेरी मी जिंकलो ती समोरचा हिरव्या दिव्याआधीच सुटला आणि त्याला लाल दिवा लागला म्हणून, त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं. खासबागेत मला खांद्यावर घेऊन तुम्ही चितपट झालेल्या पैलवानालाही टाळ्या वाजवायचात. मला ते फार आवडायचं, बाबा.

मित्र म्हणतात, कर्ज काढ, मोठी गाडी घे, वरच्या गटात ये. मी नाही म्हटलं. आहे तीच गाडी, कंपनीतून आली तशी, आणि तोच गट. हप्ते फेडायला जिंकावं लागलं तर त्यात मजा कसली? आईच्या मोतीबिंदूचे पैसे वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावलेला नाही. तारीख तुम्ही ठरवा, मी आठवडाभर सुट्टी काढून येतो. डोळ्यात थेंब मीच घालणार, आई. लहानपणी तू माझं डोकं मांडीवर घेऊन घालायचीस, तसे.

बाबा, गंगावेशीला दुधाला चालत जायचं नाही. गुडघा सुजतो आणि तुम्ही सांगत नाही. रिक्षा करा, पैशाचा विचार करू नका. "आज बरं वाटतंय" म्हणून बीपीची गोळी चुकवायची नाही. आई, एकादशीला नुसत्या चहावर राहू नकोस.

रेस झाली की लगेच फोन करतो. "जिंकलास का" असं विचारू नका बाबा, वेळ किती आला ते विचारा. आणि फोनची वाट बघत उपाशी बसू नका, जेवून घ्या. सोलरवाला रविवारी सकाळी येईल, त्याचे पैसे मी दिलेत, पुन्हा देऊ नका.

तुमचा,
बाळू